घागर तिथंच राहिली

केडगाव. पुण्याहून दौंडकडे निघालं की वाटेत लागणारं रेल्वे स्टेशन. जवळच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचा आश्रम. पण ही गोष्ट सुरू होते दूरच्या एका विहिरीवर.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. भर दुपार. शोमरोनी बाई पाण्याला आलेली, आणि येशू, जन्मानं यहुदी, तिच्याकडे पाणी मागतो. यहुद्यांचा शोमरोन्यांशी व्यवहार नसे. जिथं पाणवठेसुद्धा जातीजातीचे होते, त्या आपल्या मुलखात या प्रसंगाला टीप लागत नाही.

१८८३. इंग्लंड. पंडिता रमाबाई पंचविशीच्या. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा गेलेला, सोबत लहानगी लेक मनोरमा. लंडनच्या फुलहॅममध्ये सिस्टर्सनी चालवलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. जगानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं मायेनं सांभाळत. हे कशापायी, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरनं हाच अध्याय वाचून दाखवला. ही हकिकत रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवली आहे. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायबलमध्ये थोरांना काय तोटा? मोशे आहे, दावीद आहे. पण पुराण सांगत देशभर पायी हिंडलेल्या घरातली ही लेक त्या गोष्टीत शिरली ती एका बिननावाच्या बाईच्या मागून. ती बाई घागर तिथंच टाकून गावात गेली आणि लोकांना म्हणाली, चला, बघा.

रमाबाईंचं 'चला, बघा' आयुष्यभर चाललं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावात ठेवल्या. मग हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर हाती घेतलं. गंमत पाहा: कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना संस्कृतसाठी 'सरस्वती' म्हणून गौरवलं, त्यांनाच प्रचलित मराठी बायबल संस्कृतनं जड वाटत होतं! खेड्यातल्या बाईला कानावर पडताच कळावी, अशी मराठी त्यांना हवी होती. छापखाना मिशनचाच. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मुली आणि बायकाही तिथल्याच. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते उलटं वाचत, एकेक ओळ त्यांनी उभी केली.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या.

संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. चौथा अध्याय त्यात आहेच. त्या बाईला नाव तिथंही नाही.