भुलभुलय्यातले हात

(चित्र: काचेसारखा गोळा बोटांवरून तळहातावर, तळहातावरून मनगटावर. दहा सेकंद नुसतं संगीत.)

हा हात नीट बघा. चेहरा ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा, झगा त्याचा, ओठांवरचं ते हसूही त्याचंच. हात मात्र त्याचा नाही. मायकेल मॉशेन नावाचा कसबी जगलर बोवीच्या पाठीला चिकटून बसलाय आणि झग्याआडून त्याने आपला हात पुढे काढलाय. बाहुली नाचवणाऱ्याला आपली बाहुली कशी दिसते हे बघायला एरवी छोटा पडदा तरी मिळतो. मॉशेनला तोही नव्हता. गोळा फिरतोय तो फक्त स्पर्शावर.

(चित्र: शीर्षकांमधलं घुबड, मग पावसात बागेतून घराकडे धावणारी सारा.)

चित्रपटाचं नाव 'लॅबिरिंथ', म्हणजे भुलभुलय्या. सारा नावाची मुलगी रडणाऱ्या धाकट्या भावाला वैतागते आणि बोलून जाते, गॉब्लिन येऊन याला घेऊन जावोत. गॉब्लिन म्हणजे तिकडच्या गोष्टींमधली खोडकर, कुरूप भुतं. ती खरंच येतात आणि बाळ नेतात. त्यांचा राजा जॅरेथ, म्हणजेच बोवी, साराला तेरा तासांची मुदत देतो. तेवढ्यात भुलभुलय्या पार करून तिला भावाला सोडवायचं आहे. सारा झालेली जेनिफर कॉनेली तेव्हा चौदा वर्षांची होती.

दिग्दर्शक जिम हेन्सन. मपेट्स या टीव्हीवर गाजलेल्या बाहुल्यांचा जन्मदाता. १९८२ मध्ये त्याने 'द डार्क क्रिस्टल' केला होता. त्यात माणूस नावालाही नव्हता, सगळ्या बाहुल्याच. त्या चित्रपटाचं जग ब्रायन फ्राउड या इंग्लिश चित्रकाराने रेखाटलं होतं. पुढच्या चित्रपटाची बोलणी निघाली तेव्हा फ्राउडच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: चहूबाजूंनी गॉब्लिन आणि मधोमध एक तान्हं बाळ. पटकथा मॉंटी पायथन या ब्रिटिश विनोदी कंपूतल्या टेरी जोन्सने लिहिली, तिच्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवला गेला. कार्यकारी निर्माता होता 'स्टार वॉर्स'वाला जॉर्ज लुकस. एप्रिल १९८५ मध्ये लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत चित्रीकरण सुरू झालं.

(चित्र: १९८५ ची कार्यशाळा. फोम लेटेक्सचे, म्हणजे मऊ रबराचे, रिकामे मुखवटे. मग हॉगलचा चेहरा, अगदी जवळून. भुवई उचलली जाते.)

हा हॉगल, भुलभुलय्यात साराला भेटणारा बुटका. सुरकुतलेला, चिडका, मनाने भित्रा. ही भुवई आत्ता उचलली गेली ना, ती बाहेर बसलेल्या एका माणसाने उचलली. हॉगलच्या चेहऱ्यात अठरा छोट्या मोटरी आहेत आणि बाहेर चौघे जण रेडिओ कंट्रोल घेऊन बसलेत. आत आहेत शारी वायझर. चालणं, वळणं, हातवारे त्यांचे. चौघांपैकी एक म्हणजे जिमचा मुलगा ब्रायन, हॉगलचा आवाजही त्याचाच. म्हणजे 'मला भीती वाटते' एवढं सांगायला पाच माणसांनी एकाच क्षणी घाबरायचं! शारीताईंना आपल्याच डोक्यावरचा चेहरा दिसत नव्हता, आणि चौघांना त्यांच्या मनात पुढचं पाऊल कुठे टाकायचं आहे ते कळत नव्हतं. सराव करून करून ते पाच जण एक जीव झाले. बोवीची मात्र सुरुवातीला पंचाईत व्हायची. तो हॉगलशी बोलायचा आणि उत्तर यायचं भलत्याच कोपऱ्यातून.

(चित्र: लुडो उलटा टांगलेला. मग पोशाखाचा सांगाडा, माणूस आत शिरताना.)

लुडो म्हणजे साराचा सोबती होणारा अगडबंब, केसाळ प्राणी. त्याचा पहिला पोशाख पंचेचाळीस किलोंहून जड झाला. घासून, कापून तो चौतीसवर आणला, तरी आत फार वेळ टिकणं कुणालाच शक्य नव्हतं. म्हणून दोघे आळीपाळीने आत जायचे. बाहेरचं दिसावं म्हणून लुडोच्या शिंगात बारीकसा कॅमेरा बसवला होता. त्या दोघांतला एक रॉन म्यूक. माणसाच्या त्वचेवरचा केसन् केस दाखवणारी शिल्पं करणारा, आज जगभर नावाजलेला शिल्पकार तो हाच. लुडोचा पंजा पुन्हा एकदा या नजरेने बघा.

(चित्र: हातांची विहीर. सारा खाली घसरतेय. भिंतीतून हात. इथे निवेदन नको, पंधरा सेकंद जाऊ द्या.)

दीडशेच्या आसपास खरे हात, जोडीला दोनशे रबरी. भिंतीला भोकं पाडलेली, प्रत्येक भोकामागे बाहुलीवाले दाटीवाटीने उभे, आणि मुलगी दोराच्या आधाराने मधोमध लटकलेली. हात तिला झेलतात. मग हेच हात एकमेकांत गुंफून चेहरे होतात. दोन मुठींचे डोळे, बोटांचे ओठ. ते चेहरे तिला विचारतात, वर जायचं की खाली. इथे मुखवटा नाही, मोटर नाही, तार नाही. जिम हेन्सनने आयुष्यभर जे केलं ते इथे उघड्यावर ठेवलंय.

(चित्र: राजदरबारातला नाच. गॉब्लिन, कोंबड्या, गोंधळ.)

हा नाच बोवीच्या पाच गाण्यांपैकी एकावरचा. अठ्ठेचाळीसहून अधिक बाहुल्या, बावन्न बाहुलीवाले, शिवाय गॉब्लिनच्या वेषातली आठ माणसं. सगळे जमिनीखाली, खांबांआड, सिंहासनाच्या मागे. मधल्या चौथऱ्यावर बोवी नाचतोय आणि त्याच्या पायाखाली माणसंच माणसं आहेत.

(चित्र: १९८६ चं पोस्टर.)

२७ जून १९८६, शुक्रवार. अमेरिकेत चित्रपट लागला आणि पहिल्याच आठवड्यात आठव्या क्रमांकावर राहिला. खर्च अडीच कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई सुमारे एक कोटी एकोणतीस लाख. 'द कराटे किड'चा दुसरा भाग, 'टॉप गन' अशा चित्रपटांचा तो उन्हाळा होता. समीक्षकांत दोन तट पडले. लहानांना भीती वाटेल आणि मोठ्यांना कथा पातळ वाटेल, असा एकूण सूर होता. मपेट्सवाला म्हणून आलेल्यांना हा अंधार नको होता, बोवीसाठी आलेल्यांना बाहुल्या नको होत्या. वडिलांना इतकं खचलेलं क्वचितच पाहिलं, असं ब्रायनने पुढे सांगितलंय. जिमने दिग्दर्शित केलेला हा शेवटचा मोठा चित्रपट. १६ मे १९९० रोजी तो गेला. वय त्रेपन्न.

(चित्र: व्हिडिओ कॅसेट. झाकण उघडतं, फीत बाहेर येते. दिव्याच्या उजेडात जवळून.)

या चित्रीकरणासाठी आम्ही एक जुनी कॅसेट मिळवली. बाकी सगळी फीत गुळगुळीत आहे, इथे मात्र बघा, कडा चुरगळलीय. कॅसेट एका जागी थांबवून ठेवली की यंत्राचं फिरतं हेड फितीच्या त्याच तुकड्यावर घासत राहतं आणि तेवढाच तुकडा झिजतो. आम्ही ती लावली. पांढऱ्या रेघा उमटल्या त्या नेमक्या हातांच्या विहिरीवर.

(चित्र: तोच प्रसंग, रेघांसकट.)

या कॅसेटच्या मालकाला आम्ही ओळखत नाही. पण कुणीतरी इथे थांबून बघत होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'लॅबिरिंथ' एकदा बघून उठायचा चित्रपट नव्हताच. थिएटरात कथा पुढे पळते आणि तुम्हालाही सोबत पळवते. या चित्रपटात जीव ओतलाय तो कडेला, कोपऱ्यात. साराला 'आत ये, चहा घे' म्हणणारा तो इवलासा किडा. दगडांच्या रचनेत लपवलेला जॅरेथचा चेहरा. साराच्या खोलीत भिंतीवर एशर या डच चित्रकाराचं चित्र टांगलंय, त्यातले उलटेसुलटे जिने शेवटी खरे होऊन उभे राहतात. पहिल्यांदा बघताना हे निसटणारच. घरी, टीव्हीपुढे मांडी घालून बसलेल्या पोरांनी ते तिसऱ्या खेपेला पकडलं, दहाव्या खेपेला एकमेकांना दाखवलं. मुलींना तर यात कधी नाही ते मिळालं. साराला सोडवायला कुठलाही राजपुत्र येत नाही. राजा समोर सगळं मांडतो आणि ती नाही म्हणते.

(चित्र: लॉस एंजेलिसमधला मुखवट्यांचा सोहळा. छायाचित्रं भराभर.)

ती पोरं मोठी झाली. १९९७ पासून सॅन दिएगो, लॉस एंजेलिस अशा शहरांत जॅरेथच्या नावाने मुखवट्यांचा सोहळा भरत आलाय. २०१६ च्या जानेवारीत बोवी गेला, आणि तिशी गाठलेला 'लॅबिरिंथ' त्याच वर्षी पुन्हा मोठ्या पडद्यावर लागला.

(चित्र: काचेच्या पेटीतला हॉगल.)

हॉगलची एक बाहुली प्रवासात सामानाबरोबर हरवली. अलाबामातल्या स्कॉट्सबरो गावात बेवारस सामान विकणारं एक दुकान आहे, तिथे ती सापडली. लेटेक्स वाळून तडकलं होतं. कारागिराने ती पुन्हा उभी केली. आज ती तिथेच, या पेटीत आहे.

(चित्र: लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यातलं बाळ, भोवती गॉब्लिन. मग बाहुल्यांमध्ये उभा असलेला तरुण.)

आणि हे बाळ. टोबी. चित्रकार ब्रायन फ्राउड आणि बाहुल्या घडवणाऱ्या वेंडी फ्राउड यांचा मुलगा. २०१९ मध्ये 'द डार्क क्रिस्टल'वर बाहुल्यांची नवी मालिका आली, तिच्या बाहुल्यांच्या रचनेवर देखरेख करणारा टोबी फ्राउड तो हाच.

(चित्र: त्याचे हात. संगीत. काळा पडदा.)