आधी डेटा, मग विंडोज

(दृश्य: दुरुस्तीच्या टेबलावर उघडा लॅपटॉप. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरताहेत.)

पाच मिनिटं झाली, दहा झाली, ठिपके फिरतच आहेत. मग 'ऑटोमॅटिक रिपेअर' सुरू होतं, आणि ते संपलं की परत तेच ठिपके. असा लॅपटॉप दुकानात आला की सोबतचं वाक्य ठरलेलं: "कालपर्यंत चांगला चालत होता हो." खोदून विचारलं की कळतं, महिनाभर फोल्डर उघडायला वेळ लागत होता. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के दिसायची आणि प्रत्यक्ष वेग मात्र सेकंदाला काही केबी.

या लॅपटॉपमध्ये 500 जीबीची अडीच इंची हार्ड डिस्क आहे. तिची तबकडी मिनिटाला 5400, म्हणजे सेकंदाला 90 फेरे घेते. डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा डेटाचा छोटा तुकडा, वाचता आला नाही, तर तोच भाग पुन्हा हेडखाली यायला 11 मिलिसेकंद लागतात. डिस्क पुन्हा वाचते, हेड किंचित सरकवून आणखी वाचते, आणि एका सेक्टरपायी कित्येक सेकंद जातात. तोवर विंडोज उत्तराची वाट बघत थांबलेलं. पडद्यावरचे ठिपके म्हणजे ती वाट.

बॅटरी मेलेला लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवत असाल, तर लाइट गेली की डिस्कला हेड घाईघाईनं पार्क करावं लागतं, आणि लिहिणं चालू असेल तर सेक्टर अर्धवट राहतो. ज्या गावात रोज लोडशेडिंग, तिथले लॅपटॉप या बाबतीत जास्त सोसतात.

पण डिस्कवर ठपका ठेवण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, तारीख भलतीच जुनी दिसली, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सेटिंग मूळपदावर जाताना बूट मोड किंवा सॅटा मोड बदलला असू शकतो, आणि मग ठणठणीत डिस्कवरूनही विंडोज चालू होत नाही. दुसरी गोष्ट केबल. काही मॉडेलमध्ये डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात पातळ पट्टीची केबल असते. झाकण उघडताना ती ओढली गेली, घडी पडली, की लक्षणं अगदी डिस्क गेल्यासारखीच.

नंतर कंपनीची चाचणी. लॅपटॉप चालू करताना एचपीमध्ये एफ2, डेलमध्ये एफ12 दाबून. एचपी '3एफ0' दाखवत असेल तर बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाहीये, एवढंच कळतं. डिस्क मेली असा त्याचा अर्थ नव्हे. डेलचा 2000-0142 मात्र डिस्कची स्वतःची चाचणी फसली असं सांगतो. छोटी चाचणी करायची आणि थांबायचं. मोठी चाचणी सगळी तबकडी वाचते, आणि त्या वाचनातून आपल्या हाती एकही फाइल येत नाही.

(दृश्य: स्मार्टचा तक्ता. बोट एका ओळीवर.)

डिस्क स्वतःची वही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातल्या चार नोंदी पुरतात. 5 म्हणजे बदली दिलेले सेक्टर. 197 म्हणजे वाचता न आलेले, निकालासाठी ताटकळलेले. 198 म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही हाती न लागलेले. 199 म्हणजे डेटा ने-आण करताना झालेल्या चुका; हा आकडा वाढत असेल तर आधी केबल बघा. स्मार्ट दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर आकडे मुळात हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा-आधारी पद्धतीत दाखवतं. तिथं 197 ला 'सी5' म्हणतात, आणि '10' लिहिलं असेल तर सेक्टर सोळा.

197 ची एक गंमत आहे. ताटकळलेल्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं की तो यादीतून उतरतो: एकतर दुरुस्त ठरतो, नाहीतर त्याला बदली मिळते. म्हणून आख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिणारा फॉरमॅट मारला की हा आकडा शून्य होतो आणि सेकंडहँड डिस्क बाजारात टवटवीत दिसते. विकत घेताना 5 ची नोंद बघायची ती यासाठी.

आता लोक काय करतात? विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चेकडिस्क 'आर' पर्याय लावून सोडून देतात, किंवा वरूनच नवीन विंडोज टाकतात. चेकडिस्क सगळी डिस्क वाचतं आणि वर खराब जागेजवळच्या नोंदी बदलतं. कधी फोल्डर जातं आणि मागे नुसते क्रमांकाच्या नावाचे तुकडे उरतात. हे साधन वाईट नाही. ते कॉपीवर चालवायचं.

(दृश्य: लॅपटॉप उलटा ठेवलेला. पीएच0 स्क्रूड्रायव्हर. काढलेले स्क्रू कागदावर, त्यांच्या जागांच्या नकाशाप्रमाणे.)

चार्जर काढा. आत शिरल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, आणि पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. डिस्कच्या पत्र्याला सहसा चार स्क्रू असतात. ती वर उचलायची नाही. कनेक्टरपासून सरळ मागे सरकवायची. सात पिना डेटाच्या, पंधरा पॉवरच्या, आणि मधलं प्लास्टिक नाजूक.

डेस्कटॉपच्या सॅटा पोर्टला थेट जोडता आली तर उत्तम. यूएसबी अडॅप्टर वापरणार असाल तर निळा पोर्ट बघा. यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3 चा 900. तबकडी फिरायला लागताना डिस्क याहून जास्त ओढू शकते. अपुरा करंट मिळाला की चांगली डिस्कही टकटकते, आणि माणूस उगाच घाबरतो.

संगणक मात्र पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर चालू करायचा. विंडोज जोडलेल्या डिस्कवर न विचारता लिहितं. आणि डिस्कचं चिन्ह पडद्यावर दिसलं तरी उघडायचं नाही.

जुन्या डिस्कची आख्खी कॉपी नव्या डिस्कवर उतरवायला इथं कामाला येतं जीएनयू डीडीरेस्क्यू. साधी कॉपी खराब सेक्टरवर डोकं आपटत बसते. हे साधन तो भाग ओलांडून पुढे जातं, चांगलं ते आधी उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. काय मिळालं, काय राहिलं, हे मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. वीज गेली तर पुन्हा तिथूनच सुरू. पण ही मॅप फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर हवी. लाइव्ह लिनक्सच्या डेस्कटॉपवर ठेवलीत तर संगणक बंद होताच ती गेली.

आज्ञेत आधी जुनी डिस्क, मग नवी, शेवटी मॅप फाइल. क्रम उलटला तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते. म्हणून लिनक्सनं डिस्कना दिलेल्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका. लेबलवरचा सीरियल नंबर पडद्यावरच्याशी ताडून बघा, मगच एंटर दाबा. पहिल्या फेरीत 'एन' पर्याय द्या, म्हणजे खराब जागा खरवडत बसणार नाही. सेकंदाला 100 एमबी वेग टिकला तर 500 जीबीला 83 मिनिटं लागतात. आजारी डिस्कला रात्रही पुरत नाही. टेबल फॅन तिच्यावर सोडा.

आणि कॉपीसाठीची नवी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, किती जीबीची? इथं बरेच जण फसतात. 500 जीबीच्या डिस्कमध्ये 97,67,73,168 सेक्टर असतात. 480 जीबीच्या एसएसडीत 93,77,03,088. जवळजवळ 20 जीबी कमी. कॉपी रात्रभर चालते आणि शेवटाला जागा संपते. 500 किंवा त्याहून मोठीच घ्या.

ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाचं कुलूप, असेल तर कॉपीही कुलूपबंदच येते. लॅपटॉप 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. तिचा शोध आधीच घेऊन ठेवा.

(आवाज: टक. टक. टक. मग शांतता.)

पुरेशी वीज मिळूनही हा आवाज येत असेल, तर वीज तोडायची, त्याच क्षणी. हेड बहुधा बिघडलंय आणि प्रत्येक टक तबकडीवर ओरखडा काढत असेल. डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा जुना सल्ला ऐकू नका. बाहेर काढल्यावर तिला दव सुटतं, कोकणात पावसाळ्यात तर हमखास. तशाच दुसऱ्या डिस्कचं हिरवं सर्किट बसवूनही भागत नाही, कारण त्या डिस्कपुरती जुळवलेली मापं तिच्या मूळ सर्किटवरच्या चिपमध्ये असतात. हेड बदलणं हे क्लीनरूमचं, म्हणजे धूळमुक्त खोलीतलं काम, आणि तिथं जायचं तर झाकण आपण उघडलेलं नसावं.

एसएसडीचं दुखणं मुकं असतं. आवाज नाही, अनेकदा मंद होणंही नाही. एका सकाळी बायोसमधून नावच गायब. एकदा काढून घट्ट बसवून बघावी, यापलीकडे घरी फारसं हातात काही नाही.

(दृश्य: पडद्यावर एक फोटो. वरचा अर्धा स्वच्छ, खालचा करडा.)

डीडीरेस्क्यूनं 99.98 टक्के दाखवलं की हायसं वाटतं. पण 500 जीबीचे उरलेले 0.02 टक्के म्हणजे 100 एमबी, आणि ते कुठल्या फाइलींत पडलेत हे तो आकडा सांगत नाही. एसएसडी नवी असेल तर त्या जागी शून्यं राहतात, म्हणून फोटो अर्ध्यातून करडा झाला. वापरलेली डिस्क असती तर तिथं तिचाच जुना डेटा निघाला असता. फोटो, टॅलीची फाइल, मेलचा साठा एकेक उघडून बघेपर्यंत जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, तारीख घालून, मॅप फाइलच्या पेनड्राइव्हशेजारी ठेवा. हा फोटो महत्त्वाचा असेल तर त्याच मॅप फाइलवरून फक्त राहिलेल्या जागांसाठी आणखी तीन प्रयत्न करता येतात.