ओट्यावरचा चरा

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईच्या घरांत स्वयंपाकाचा ओटा बहुधा काळ्या ग्रॅनाइटचा, जुन्या चाळींत कडप्प्याचा आणि एखाद्या हौशी फ्लॅटमध्ये संगमरवराचा असतो. त्यावर रेघ दिसली की आपण पॉलिशवाल्याला बोलावतो, तो "अख्खा ओटा घासावा लागेल" असे सांगतो आणि आकडा ऐकून आपण विषय तिथेच सोडतो. माझे म्हणणे एवढेच, की पैसे मोजण्याआधी ती रेघ खरोखर चरा आहे का, हे तपासावे.

ओटा पुसून कोरडा करावा आणि रेघेवरून नख आडवे फिरवावे. ग्रॅनाइटवर नख अडकले नाही, तर ती करडी रेघ बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या कुकरच्या बुडाची, दगडावर घासून उतरलेली धातू असते. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळणारा दगड भूशास्त्राच्या हिशेबाने अनेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट या वेगळ्या जातीचा खडक असतो. तरीही मोह्सच्या काठिण्यश्रेणीत, म्हणजे दगडांचा कठीणपणा 1 ते 10 अशा आकड्यांत मोजणाऱ्या मापात, तो 6 च्या आसपास बसतो आणि ॲल्युमिनियम 3 च्याही खाली, त्यामुळे झिजतो तो कुकर. खाण्याच्या सोड्याची दाटसर पेस्ट ओल्या फडक्याने चोळली, तर अशी रेघ बरीचशी निघते.

संगमरवर आणि कडप्पा यांची गोष्ट निराळी आहे. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, काठिण्य 3 च्या जवळपास, म्हणून त्यांवर सुरीचा चरा सहज उठतो आणि लिंबू, चिंच किंवा कोकमाचे आगळ सांडून राहिले तर आम्लाने पृष्ठभाग खाल्ला जाऊन पांढुरका, निस्तेज डाग पडतो, जो कितीही पुसला तरी जात नाही. उथळ चरा आणि हा डाग दोन्ही घरी काढता येतात. हार्डवेअरच्या दुकानातून 400, 600, 800 आणि 1200 नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारे पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), आणावेत, लाकडी ठोकळ्याला गुंडाळावेत आणि दगड सतत ओला ठेवून, चऱ्याच्या भोवती वीतभर जागा धरून घासावे, नाहीतर तिथे खळगा पडतो. आधीच्या पेपरच्या रेषा दिसेनाशा झाल्यावरच पुढचा नंबर घ्यावा, आणि मध्ये ओटा धुवावा, कारण जाड पेपरचा एक कण मागे राहिला तरी नवी रेघ उमटते. कडप्प्याला मुळातच आरशासारखी चमक नसेल, तर 600 वर थांबले तरी चालते.

ग्रॅनाइटला मात्र घरी कागद लावू नये. कारखान्यातली चमक हाताने परत येत नाही आणि निस्तेज चकती उठून दिसते. खोल चरा असेल तर इपॉक्सी या दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या चिकट भरणीत काळा रंग मिसळून तो किंचित वर येईल इतका भरावा, एक दिवस वाळू द्यावा आणि ब्लेड आडवे धरून समतल करावा. त्या जागी गॅसवरून उतरवलेले पातेले ठेवू नये.

मशीन लावायचेच ठरले, तर पाणी सोडूनच काम करण्याचा आग्रह धरावा, कारण कोरड्या घासणीच्या धुळीतली सिलिका कारागिराच्या आणि आपल्याही फुफ्फुसांना घातक असते. एकाच विंगमधल्या दोन-तीन घरांनी मिळून एकाच दिवशी पॉलिशवाल्याला बोलावले, तर येण्या-जाण्याचा खर्च वाटला जातो आणि भावही करता येतो. मिक्सरमागच्या कोपऱ्यावर आधी नमुना करून घ्यावा, आणि उरलेले पैसे ओटा पूर्ण वाळल्यावरच द्यावेत, कारण ओला दगड घासला असो वा नसो, चकचकीतच दिसतो.