खाच, सुई आणि यंत्राचा सूर

(ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माझ्या पिशवीतल्या तबकड्या बघून पुढच्या रांगेतल्या काकांनी मघाशी विचारलं, "बालगंधर्व आणलेत का?" नाही आणले, काका. आज एकही गाणं नाही, आज आहे यंत्रांनी काढलेल्या आवाजांचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीत. शब्द नाहीत, गायक नाही, आणि काही ठिकाणी वाजवणारा माणूससुद्धा शोधावा लागेल. चहा शेवटी आहे, तेवढ्यासाठी तरी थांबा.

माझी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये झाली. संगीताचं शिक्षण शून्य. खारघरचा माझा भाचा पहिल्यांदा असली तबकडी घेऊन घरी आला आणि लावली, तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडलो, "फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला वाटतं!" तो हसला, मीही हसलो. पण रात्री विचार करत पडलो. तीस वर्षं मी दुसरं केलं तरी काय? मशीनला कान लावून बेअरिंग बोलतंय की पट्टा घासतोय, हेच तर ओळखत आलो. मग मुद्दाम आवाज काढणारं यंत्र मला ऐकता का येऊ नये?

आणि तबकडी हे तर मुळात लेथवरचंच काम. अॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ थर असतो. ती चकती फिरते आणि तापवलेली बारीक सुई त्यात खाच कापत आत सरकते. कापणाऱ्या त्या यंत्राला तिकडेही लेथच म्हणतात. मग त्या चकतीवर चांदीचा पातळ मुलामा देतात आणि निकेलचं प्लेटिंग करतात. ते सोलून काढलं की उलटा साचा मिळतो, त्याच्यावरून सुलटा, आणि त्याच्यावरून प्रेसवर लावायचे उलटे साचे. त्यात गरम पीव्हीसीचा गोळा दाबला की झाली तबकडी. आमच्याकडे डाय बनवायचो, त्यात आणि यात फरक एवढाच की इथे डायवर आवाज कोरलेला असतो.

आता भौतिकशास्त्राची गंमत बघा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते, आत लेबलजवळ जेमतेम २० ते २२. फेरे तेवढेच, पण जागा निम्म्याहून कमी. म्हणून आतल्या भागात बारीक, तीक्ष्ण आवाज चिरकतात. जाणकार मंडळी दणदणीत तुकडा बाहेर ठेवतात आणि शांत तुकडा आत. काही जण तर बारा इंची तबकडीच्या एका बाजूला एकच तुकडा घालतात, तोही ४५ फेऱ्यांवर. खाचेला ऐसपैस जागा, आणि खर्जाला छाती.

खर्जाचं आणखी एक दुखणं आहे. स्टिरिओ खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते, दोन भिंतींवर दोन बाजूंचे आवाज. दोन्हीकडे सारखाच खर्ज असेल तर सुई डावी-उजवी झुलते. दोन्हीकडचा एकमेकांच्या उलट असेल तर ती वर-खाली उसळते. घोडबंदर रोडवर रिक्षा वळली तर आपण सांभाळून घेतो, खड्ड्यात आपटली की डोकं टपाला लागतं, तसंच. म्हणून खर्ज मधोमध बांधून ठेवतात. संगणकावर कितीही करामती केल्या, तरी शेवटी लेथवरचा माणूस म्हणतो, "हे बसणार नाही." मला तो माणूस फार जवळचा वाटतो.

पण ही तबकडी नुसती साठवणीची बरणी नाही. पिएर शेफर हा फ्रेंच रेडिओतला इंजिनिअर. १९४८ साली त्याच्याकडे टेप नव्हती, तबकड्या होत्या. पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर त्याने वाफेच्या इंजिनांचे आवाज टिपले आणि त्यांचे तुकडे जोडून जवळपास तीन मिनिटांची रचना केली. तिथे एक युक्तीही सापडली, बंद खाच. आत सरकत जाण्याऐवजी खाच स्वतःलाच येऊन मिळते, मग तोच आवाज पुन्हा पुन्हा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर असा एक वेढा पाऊण सेकंदाचा. त्या काळात तबकडी अडकली की आपण टोनआर्मला, म्हणजे सुईच्या दांड्याला, टिचकी मारायचो. हा माणूस तिथेच थांबला आणि ऐकत बसला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी आपल्या ठाण्याला आली. रुळांचा ठेका ऐकत आपल्या पिढ्या गेल्या, त्याचं संगीत मात्र पॅरिसच्या माणसाने केलं. असो.

आपण मागे होतो असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं यंत्र, आला. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तो तिथे मांडून दिला. पखवाज वाजवणाऱ्या गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर यांनी त्यावर काम केलं. ती टेपची रिळं पुढे कित्येक वर्षं संग्रहात पडून होती, २०२३ मध्ये त्यांची तबकडी निघाली. ताई, तुम्ही मान हलवलीत, पण खरंच, पन्नास वर्षं!

दुसरे मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले गिटारवादक. १९८२ साली त्यांनी तीन जपानी यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्यातलं टीबी-३०३ हे चिमुकलं यंत्र बेस गिटारच्या बदली बनवलेलं होतं, आणि बेस गिटार म्हणून ते चाललं नाही. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. आपल्या माणसाला मींड दिसली! १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्राच्या खुंट्या पिळून अॅसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत काढलं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. सिंगांची तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही, २०१०च्या पुनर्मुद्रणानंतर मात्र जगभर नाव झालं.

आज अशा तबकड्या दोनशे-तीनशेच निघतात, कधी कोऱ्या लेबलच्या. महाग का, असं मला विचारतात. अहो, साच्याचा खर्च शंभर नगांना काढा की हजार, तेवढाच येतो. त्यात २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला लॅकर बनवणारा कारखाना जळाला आणि जगाची भिस्त मुख्यतः जपानच्या एका कारखान्यावर आली. आनंदाची गोष्ट ही की २०२४ पासून मुंबई परिसरात तबकड्यांची छपाई पुन्हा सुरू झाली आहे.

"तबकडीच्या आवाजात ऊब असते" असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत. माझ्या घरी जुलैत कव्हरला बुरशी येते, ऊब कसली! मला आवडतं ते वेगळंच. वीस मिनिटांनी उठून बाजू उलटावी लागते, आणि बिघाड झाला तर तो डोळ्याला दिसतो, बोटाला लागतो.

बरं, आता पहिली तबकडी. भैरव आहे, संध्याकाळ असली तरी माफ करा. त्या कोपऱ्यातला पंखा तेवढा बंद कराल का? त्याचं बुश गेलंय, मघापासून ऐकतोय मी.