इंटेलिजन्स म्हणजे बातमी

श्रोतेहो, नमस्कार.

एकोणिसाव्या शतकातले एखादे इंग्रजी वर्तमानपत्र, मग ते लंडनचे असो की सिडनीचे, उघडून बसलात तर 'शिपिंग इंटेलिजन्स' हा मथळा वारंवार नजरेस पडतो. एका होतकरू अभ्यासकाने त्याचे भाषांतर 'नौकानयनविषयक गुप्तवार्ता' असे केलेले मी वाचले, आणि मला त्याचा राग आला नाही. कारण आज 'इंटेलिजन्स' म्हटले की आपल्याला एक तर बुद्धी आठवते, नाही तर हेरखाते. त्या मथळ्याखाली मात्र गुप्त असे काहीच नसे. बारीक टायपात ओळीखाली ओळ लावलेली असे: बंदरात आलेल्या जहाजाचे नाव, कप्तानाचे नाव, ते कुठून आणि कोणत्या तारखेला निघाले, आत माल कोणता; मग उतारू, त्यांत साहेबांचे नाव, मडमेची ओळख नवऱ्याच्या आडनावावरून, आणि मुले व नोकर बहुधा नुसत्या संख्येने. त्याखाली सुटलेल्या जहाजांची तशीच यादी. ज्याचा माल समुद्रावर अडकलेला असे, तो व्यापारी अग्रलेखाआधी हाच रकाना पाहत असणार, असा माझा तर्क आहे.

म्हणजे 'इंटेलिजन्स' हा त्या काळी बातमीलाच सरसकट वापरला जाणारा शब्द होता. 1663 साली रॉजर लेस्ट्रेंज यांनी लंडनमध्ये काढलेल्या पत्राचे नावच 'द इंटेलिजन्सर', म्हणजे सरळ मराठीत 'बातमीदार', असे होते. 1755 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी कोशात सॅम्युअल जॉन्सन यांनी 'इंटेलिजन्स' या शब्दाचा पहिला अर्थ दिला तो माहितीच्या देवघेवीचा, आणि दूरच्या किंवा गुप्त गोष्टींच्या वृत्ताचा; समज किंवा आकलन हा अर्थ त्यांच्याकडे बराच खाली येतो. 'फॉरिन इंटेलिजन्स' म्हणजे परदेशची वार्ता, 'स्पोर्टिंग इंटेलिजन्स' म्हणजे घोड्यांच्या शर्यती आणि क्रिकेट, आणि लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पैशाच्या बाजाराची हकीकत 'मनी-मार्केट अँड सिटी इंटेलिजन्स' या मथळ्याखाली छापली जाई. सगळ्यांत गमतीचा मथळा 'मिलिटरी इंटेलिजन्स' हा. आज ज्या शब्दांनी दारे बंद होतात, त्याच शब्दांखाली त्या काळी कोणती पलटण कुठे चालली आणि कोणता अधिकारी कुठे नेमला गेला, हे चहाच्या टेबलावर वाचायला मिळे.

दूरची वार्ता आणि गुप्त वार्ता एकाच शब्दात सुखाने नांदत होत्या, त्यांत खटका उडालेला ब्रिटन आणि त्याच्या मित्रांनी रशियाविरुद्ध लढलेल्या क्रिमियाच्या युद्धात स्पष्ट दिसतो. 1854 साली 'टाइम्स'चे बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल रणभूमीवरून सैन्याची अवस्था, छावण्या आणि तोफखाना यांविषयी इतके तपशीलवार लिहू लागले की, हे छापून आल्यावर शत्रूला हेरांवर पैसा खर्च करण्याचे कारणच उरत नाही, अशी तक्रार सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी सरकारकडे केली. वाचकांसाठीची इंटेलिजन्स आणि शत्रूच्या कामाची इंटेलिजन्स यांत अंतर राहिले नव्हते, हेच त्यांचे दुखणे होते. 1873 साली ब्रिटिश युद्धखात्यात 'इंटेलिजन्स ब्रँच' स्थापन झाली, पुढे हा शब्द हळूहळू सरकारी कपाटात गेला, आणि वर्तमानपत्रांकडे 'न्यूज' उरला. जुन्या अर्थाच्या खुणा राहिल्या त्या नावांत: अमेरिकेतील 'सिएटल पोस्ट-इंटेलिजन्सर' हे दैनिक 2009 पर्यंत कागदावर छापले जात होते.

मराठी माणसाला हे फार परके वाटू नये. 'वर्तमानपत्र' या शब्दातले 'वर्तमान' म्हणजे चालू काळ नव्हे. 'इकडील वर्तमान' कळवणाऱ्या जुन्या पत्रांत त्याचा अर्थ वृत्त असाच आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई, त्यामुळे दोन्ही भाषांचे हे शब्दव्यवहार एकाच पानावर वाचकासमोर येत. बातमी काढणे हे तर आपल्याकडे मुळात जासुदाचे काम. सुरतेत किती द्रव्य मिळेल हे शिवाजी महाराजांना बहिर्जी नाईकांनी सांगितले, असे सभासदाची बखर म्हणते.

इंग्रजीने ही वाटणी करून टाकली. मराठीने मात्र 'बातमीदार' हा शब्द दोघांनाही ठेवला आहे. 'गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या खबरीवरून पोलिसांनी सापळा रचून आरोपीस ताब्यात घेतले', हे ठरीव वाक्य उद्याच्या अंकातही कुठल्या तरी आतल्या पानावर असेल. ज्याने पोलिसांना टीप दिली तो बातमीदार, आणि वर मथळ्याखाली ज्याची ओळख 'आमच्या बातमीदाराकडून' एवढीच दिलेली असते, तोही बातमीदारच.