वहीतले पासवर्ड

(सकाळ. दुकानाचं शटर वर जातं. काउंटरवर झेरॉक्स मशीन, दोरीला लटकवलेले चार्जर, गल्ल्यात एक जाड वही.)

ही दोनशे पानी वही माझ्या गल्ल्यात असते. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात कुणी नवा फोन घेतला की तो आधी माझ्या दुकानात येतो. ॲप टाकायची तर जीमेलचा पत्ता लागतो. तो मी काढून देतो, पासवर्ड मीच ठरवतो आणि या वहीत लिहून ठेवतो. कितीतरी लोकांना आपल्याला ईमेल आहे हेच ठाऊक नाही.

म्हणजे गावाला गूगलसारख्या कंपन्यांच्या दारात नेऊन बसवणारा मीच. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं बोलणं फार सोवळं वाटेल.

(वावर. पऱ्हाटीचं बोंड फोडून दाखवणारा हात. आत गुलाबी अळी.)

सुरुवात बाबांपासून झाली. नोव्हेंबरात बोंडं किडकी निघायला लागली, तसं त्यांनी फोनला तोंडानंच विचारलं, बोंडअळीवर काय मारू? उत्तर काय आलं ते त्यांना आठवत नाही. पण संध्याकाळी भजन लावलं तर आधी एका औषधाची जाहिरात, मध्येच दुसऱ्या औषधाची, आणि शेवटी पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप. बाबा तडक दुकानात आले. "मले सांग, आपल्या वावरात अळी पडली हे त्याईले कसं मालूम झालं?"

"तुम्हीच सांगितलं की," मी म्हणालो.

या धंद्याची रीत जुनी आहे. शोधलेल्या शब्दांवर जाहिराती लावून द्यायला गूगलनं २००० साली सुरुवात केली. तुम्ही शब्द टाकला की त्या क्षणी जाहिरातदारांची बोली लागते. आपल्या बाजार समितीत कापसाच्या गाडीचा हर्रास होतो, तसंच. फरक इतकाच, की तिथे गाडीवर बसलेल्याला बोली ऐकू येते.

चपलेची जाहिरात मागे लागली तर माणूस हसून सोडून देतो. फवारणीच्या औषधाचं तसं नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. तेव्हापासून आमच्याकडे डबकीत काय कालवायचं हा प्रश्न साधा राहिलेला नाही, आणि त्याचं उत्तर ज्यानं जास्त बोली लावली त्यानं द्यावं हे मला पटत नाही. बाबांना गाडीवर बसवलं आणि सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नेलं. किडकी बोंडं पिशवीत बरोबर घेतली होती.

(रात्र. बाजेवर बसलेले बाबा, हातात फोन.)

मग फोन साफ करायला घेतला. ब्राउझर बदलला, फायरफॉक्स टाकला. एफ-ड्रॉइड नावाचं एक दुकान आहे, तिथून ॲप घ्यायला खातंच लागत नाही. तिथलं यूट्यूब दाखवणारं न्यूपाइप बाबांना दिलं, भजनाच्या आधीची जाहिरात गेली. ही पळवाट आहे, पर्याय नव्हे. व्हिडिओ त्याच यूट्यूबच्या घरून येतात. बाबांना त्याचं काही देणंघेणं नाही.

(पांदण. दोन्ही बाजूंना बाभळी. काळ्या मातीत रुतलेली बैलगाडीची चाकोरी.)

पण खरा जीव रमला तो नकाशात.

फोनमधल्या नकाशात आमचं गाव म्हणजे डांबरी रस्त्याच्या टोकाचा ठिपका. वावरं कुठे, पांदण कुठून जाते, नाला कुठे आडवा येतो, काही नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ साली इंग्लंडात सुरू झाला आणि तो लोकच काढतात. कुणालाही खातं उघडून त्यात रस्ता घालता येतो. अट एकच, दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवायचं नाही. स्वतः पाहिलेलं घालायचं.

म्हणून खिशात फोन ठेवून मी पांदण चाललो. ऑस्मअँड नावाचं ॲप पावलांची रेघ ओढत होतं. नाल्यापुढे रेंज जाते, पण रेघ तुटली नाही, कारण जागा उपग्रहावरून कळते, टॉवरवरून नाही. रात्री दुकानात बसून रेघ नकाशावर चढवली आणि नाल्याच्या नावापाशी अडलो. म्हातारी माणसं त्याला बुढीचा नाला म्हणतात, तरण्या पोरांसाठी तो पुलाचा नाला. दोन दिवस पारावर वाद झाला. शेवटी बुढीचा नाला हे नाव, आणि दुसरं पर्यायी म्हणून.

त्यानंतर एक शेजारी तणतणत आला. "माह्या धुऱ्यापाशी पांदण रुंद काहून दाखवली?" त्याला समजावता समजावता घाम फुटला, की बाबा, हा नकाशा तलाठ्याकडे चालत नाही, तू निवांत राहा. निवांत तो अजूनही नाही.

वेचा संपताना कापूस न्यायला गाडीवाला आला. दरवर्षी त्याला आणायला फाट्यावर माणूस उभा करावा लागे. यंदा त्याच्या फोनमध्ये याच नकाशावर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स टाकून दिलं, महाराष्ट्राचा नकाशा उतरवून दिला. तो थेट धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

(दुकान. प्रिंटरमधून सातबारा बाहेर येतोय.)

व्हॉट्सॲप मात्र सुटलं नाही. २०१४ साली फेसबुकनं ते विकत घेतलं. पुढे त्याच्या दोन निर्मात्यांपैकी ब्रायन ॲक्टन यांनी सिग्नल या निरोपांच्याच दुसऱ्या ॲपच्या ना-नफा संस्थेला २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर दिले. मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून व्हॉट्सॲपमधल्या निरोपांना जे कुलूप आहे, तेही सिग्नलच्याच घडणीचं. पण कुणी कुणाला कधी निरोप धाडला, ही माहिती कुलपाबाहेर राहते. हे सगळं मी घरी सांगितलं. घरचे चौघं सिग्नलवर आले.

गाव आलं नाही. नळाचं पाणी कधी सुटणार, लाइन कधी येणार, शाळेला सुट्टी आहे का, सगळं तिकडेच कळतं. आणि मी कोणत्या तोंडानं सांगू? मार्कशीट असो की सातबारा, प्रिंटसाठी माझ्याकडे येतो तो व्हॉट्सॲपवरच. ते बंद केलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल.

जे एकट्याचं होतं ते सुटलं. चारचौघांत गुंतलेलं तसंच आहे.

(वहीची पानं. कैचीनं कापलेली पट्टी.)

राहिली ही वही. कंपन्या आपली माहिती साठवतात म्हणून बोलायचं आणि अख्ख्या गावाचे पासवर्ड गल्ल्यात ठेवायचे, हे माझं मलाच बरं वाटेना. दिवाळीनंतर एकेक ओळ कापून ज्याची त्याला द्यायला सुरुवात केली. पासवर्ड बदलून देतो, नवा त्यांच्या हातानं लिहायला लावतो.

परवा शेवटच्या आळीतले आजोबा आले. चष्मा वर करून त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"मी हे कोठी ठेवू बापा? तुह्यापाशीच राहू दे."