किल्ली कोणाकडे?

[दृश्य: महाराज बाड्यावरची गर्दी. मग मोबाइलचा पडदा.]

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत पैशाचा विषय निघाला की एफडी, पोस्ट आणि सोनं ठरलेलं. आता त्यात एका ॲपची भर पडली आहे. मुलगा मोबाइल पुढे करतो, "बाबा, हे बघा, बिटकॉइन. माझ्या वॉलेटमध्ये आहेत."

आहेत का?

बिटकॉइन हे क्रिप्टो, म्हणजे फक्त संगणकावरचं चलन. पण बिटकॉइन ॲपमध्ये नसतात. ते जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी लिहिल्या जाणाऱ्या खातेवहीत असतात आणि तिथून हलवायला एक गुप्त किल्ली लागते. पुष्कळ ऑनलाइन सेवा ही किल्ली ग्राहकाला देतच नाहीत. मुलाला स्क्रीनवर दिसतो तो आकडा म्हणजे वाण्याच्या वहीतलं 'येणे'. वाणी दुकान बंद करून गेला, की वही घेऊन कोणाकडे जायचं?

[दृश्य: रात्री चालू असलेले संगणक.]

१८ जुलै २०२४. वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजाराच्या, एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २ हजार कोटी रुपये गेले. ते वॉलेट काही उघड्यावर पडलेलं नव्हतं. सहापैकी चार डिजिटल सह्या झाल्याशिवाय त्यातून पैसुद्धा हलत नव्हती. सह्या झाल्या! कंपनीचं म्हणणं असं की सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही होत होती भलत्याच व्यवहारावर. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. ग्राहकांची क्रिप्टो शिल्लक वर्षाहून जास्त अडकून पडली आणि प्रकरण गेलं सिंगापूरच्या कोर्टात.

कॅनडाच्या क्वाड्रिगासीएक्स या एक्सचेंजला तर हॅकरचीही गरज पडली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तिचे संस्थापक जेराल्ड कॉटन वारले, तेही आपल्या जयपुरात. पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक होते, असं कंपनीने सांगितलं. तपासात निघालं ते त्याहून वाईट. तिजोऱ्या आधीच बहुतेक रिकाम्या होत्या आणि ग्राहकांचे पैसे कॉटन यांनीच सट्ट्यासारखे उडवले होते.

बँक बुडाली तर ठेव विम्याचे ५ लाखांपर्यंत मिळतात. इथे तसं काही नाही. सरकार नफ्यावर ३० टक्के कर घेतं, विक्रीवर १ टक्का टीडीएस कापतं. कर घेतला म्हणजे हमी दिली, असं छातीठोकपणे सांगणारे काका मात्र दौलतगंजात हवे तितके भेटतील.

[दृश्य: वहीचं पान, निळ्या शाईत १२ शब्द.]

मग किल्ली स्वतःकडेच ठेवावी? ठेवता येते. किल्ली म्हणून १२ किंवा २४ साध्या शब्दांची एक यादी मिळते, ती ज्याच्या हाती पडेल त्याचे पैसे. ती कागदावर लिहायची. मोबाइलने फोटो काढला की तो क्लाउडवर चढलाच म्हणून समजा. 'कस्टमर केअर'मधून कोणी ते शब्द विचारले, तर समोर चोर आहे.

आणि साइट? एप्रिल २०१८ मध्ये मायईथरवॉलेट या क्रिप्टो वॉलेटच्या साइटचे काही ग्राहक अगदी बरोबर पत्ता टाइप करूनही फसले. इंटरनेटवरची वाटच मधे वळवून त्यांना हुबेहूब नकली साइटवर नेलं होतं. साइटचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र खोटं असल्याचा इशारा ब्राउझर देत होता. ज्यांनी तो डावलून पुढे क्लिक केलं, त्यांचे पैसे गेले.

[दृश्य: ग्वाल्हेरचा किल्ला.]

किल्ली एकाच्याच हाती असण्याचंही एक दुखणं आहे आणि ग्वाल्हेरला ते जुनं आहे. किल्ल्यातल्या शिंद्यांच्या गंगाजळी खजिन्याची खूण फक्त महाराजांना ठाऊक असे, असं सांगतात. १८८६ मध्ये महाराज जयाजीराव गेले तेव्हा त्यांचे पुत्र माधवराव नऊ वर्षांचे होते. खूण सांगायची राहून गेली आणि पुढे शोधाशोध करावी लागली, अशी गोष्ट आहे.

बँकेच्या फॉर्मवर नॉमिनीचा रकाना असतो. त्या १२ शब्दांना तो नसतो. कागद कोणत्या कपाटात आहे, हे घरात आणखी एकाला सांगून ठेवावं लागतं. कोणाला, ते ज्याचं त्याने ठरवायचं.